नाळ कापणाऱ्या हातांनी प्रबंधही लिहावा



आपल्या वस्तीतली मुलगी नर्स झाली की पेढे वाटले जातात. वाटलेच पाहिजेत. मोलमजुरी करून, दागिना गहाण ठेवून आईबापांनी तिला शिकवलेले असते. पण त्याच मुलीने आठ-दहा वर्षे बाळंतपणे केल्यावर 'मला पुढे शिकायचे आहे, एम.एस्सी. करायचे आहे, जमल्यास पीएच.डी. करायची आहे' असे म्हटले की घरात एकदम शांतता पसरते. मग एकेक जण बोलू लागतो. नोकरी लागली, पगार सुरू झाला, आता आणखी कशाला?

मागे आमच्याकडे एका भगिनीचे पत्र आले. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे. ती जी.एन.एम. झालेली असून एका सरकारी रुग्णालयात बाळंतपणाच्या विभागात काम करते. नवरा रिक्षा चालवतो, दोन मुले शाळेत आहेत. पुढे शिकण्याचा विषय तिने घरात काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणं करायला पीएच.डी. कशाला लागते? माझ्या आजीनं गावातली शे-दोनशे पोरं काढली. तिला तर अंगठा उठवायचा तेवढा ठाऊक होता." ताईने शेवटी लिहिले आहे, "सासूबाई वाईट नाहीत. त्यांना काय उत्तर द्यावे तेवढे सांगा."

हा प्रश्न एका घरचा नाही, म्हणून त्याचे उत्तर आम्ही या सदरातून देत आहोत.

त्या आजीला आधी वंदन

सासूबाई खोटे बोलत नाहीत. अनेक गावांत सुईणपण मांग-महार स्त्रियांकडेच होते. कळा खऱ्या की खोट्या, मूल आडवे आहे की उभे, वार पडली की अडकली, हे त्या हाताच्या स्पर्शाने ओळखत. हे ज्ञानच होते. त्याला अडाणीपणा म्हणणारे अनेक जण त्याच हातांत जन्मले.

पण त्या ज्ञानाला मान कोणी दिला? ज्या घरात एरवी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नसे, त्या घरात बाळंतपणापुरते बोलावणे यायचे. नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताची लुगडी धुणे ही कामे विटाळाची, म्हणून ती आपल्या आयाबायांवर सोपवलेली. मोबदला म्हणून सुपभर धान्य किंवा जुने लुगडे. काम झाले की पुन्हा विटाळ सुरू. हात हवे होते, माणूस नको होते. उत्तर प्रदेशात चर्मकार समाजाच्या स्त्री-पुरुषांनी १९५० च्या दशकापासून 'नारा-मवेशी' आंदोलन केले. नारा म्हणजे नाळ आणि मवेशी म्हणजे मेलेली जनावरे. दोन्ही कामे जातीने लादलेली म्हणून त्यांनी ती नाकारली, मार खाल्ला, पण नाकारली. बाबासाहेबांच्या शिकवणुकीने आपल्याकडेही गावकीची घाणेरडी कामे सोडली गेली. तो निर्णय बरोबरच होता.

मग कोणी विचारील, जे काम आपण सोडले तेच आता डिग्री घेऊन करायचे का? आमचे उत्तर 'होय' असे आहे. आपण सोडली ती सक्ती. तीच विद्या स्वेच्छेने, परीक्षा देऊन, नोंदणी करून, पगार घेऊन केली तर तो व्यवसाय होतो. आणि त्या विद्येत नवी भर घातली तर ते संशोधन होते. आजीला हे दार बंद होते. नातसुनेला ते उघडे आहे.

एक गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली पाहिजे. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात तिने आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, ऊन-पाऊस-थंडीत त्यांचे किती हाल होतात, हे मांडले आहे. शाळेत जाऊन तीन वर्षे झालेली ती मुलगी, आणि तिने बाळंतिणीचे दुःख कागदावर आणले! त्याआधी हे दुःख नव्हते असे नाही. ते लिहिणारे कोणी नव्हते. जे लिहिले जात नाही त्याची दखल सरकार घेत नाही, डॉक्टर घेत नाही, पुढची पिढीही घेत नाही. उच्च शिक्षणाची गरज इथपासून सुरू होते.

संशोधन म्हणजे काय?

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येतात. सुईणीचे संशोधन त्याहून साधे असते. 'आपण हे असेच का करतो?' असा प्रश्न विचारायचा, मोजदाद करायची, आणि जे निघेल ते, आपल्याला आवडो न आवडो, मान्य करायचे. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतात म्हणून मानू नका, पारखून घ्या. कालाम सुत्त वाचणाऱ्या घराला संशोधन परके वाटण्याचे कारण नाही.

व्हिएन्ना शहरातील गोष्ट पाहा. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकरांहून अधिक बाळंतिणी तापाने दगावल्या. सुईणींच्या विभागात हे प्रमाण शंभरात तीनहून कमी होते. बाया रडून सांगत, आम्हाला सुईणींकडे पाठवा. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने दोन्ही विभागांची नोंद मांडून कारण शोधले. डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणीला तपासायला येत, सुईणी प्रेतांना हात लावीत नसत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली त्या विभागातील मृत्यूचे प्रमाण शेकडा दीडच्या आत आले. इतके होऊनही मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याची टर उडवली. आज हात न धुता कोणी बाळंतिणीला शिवत नाही, ते या मोजदादीमुळे.

दुसरे उदाहरण खुद्द एका मिडवाइफचे आहे. इंग्लंडमध्ये बाळंतपणात खालची जागा कात्रीने कापून टाके घालण्याची पद्धत सर्रास झाली होती. न कापल्यास जागा फाटेल, असे सांगितले जाई. जेनिफर स्लीप या मिडवाइफने आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक हजार बायांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटात गरज असेल तरच कापायचे, दुसऱ्यात सढळ हाताने. पहिल्या गटात शंभरातल्या दहा बायांना कापावे लागले, दुसऱ्यात एक्कावन्न. आणि बाळाच्या प्रकृतीत वा आईच्या दुखण्यात फारसा फरक नाही! हा अभ्यास १९८४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला गेला. पुढे अशाच इतर अभ्यासांची भर पडली आणि सरसकट कापू नये हा नियम जगभर सांगितला जाऊ लागला. किती बायांचे टाक्यांचे दुखणे वाचले असेल याचा हिशोब करा. हा प्रश्न कोणाला सुचला? जिने टाक्यांनी कण्हणाऱ्या बाया रोज पाहिल्या, तिला.

आता सासूबाईंच्या आजीकडे येऊ. पुष्कळ जुन्या सुईणी वार पडेपर्यंत नाळ कापीत नसत. दवाखान्यांनी मात्र मूल बाहेर येताच नाळ कापायची घाई लावली. पुढे अभ्यास झाले तेव्हा दिसले की थोडे थांबल्याने बाळाला वारेतले आणखी रक्त मिळते आणि त्याच्या अंगातला लोहाचा साठा वाढतो. जागतिक आरोग्य संघटना आज एक ते तीन मिनिटे थांबा असे सांगते. म्हणजे आजीचे इथे बरोबर होते. पण नाळेला शेण-राख लावणे, पहिले पिवळे दूध पिळून टाकणे या चालींनी किती लेकरे गेली! लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे भारतातून बाळंतिणीचा आणि अर्भकाचा धनुर्वात हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. आजीचे कोणते घ्यायचे आणि कोणते टाकायचे, हे भांडून ठरत नाही, अभ्यासाने ठरते. सासूबाईंना पहिले उत्तर हेच द्यावे : आजीच्या हाताचा गुण जगाला पटवून द्यायचा असेल तर तिच्या नातसुनेने प्रबंध लिहिला पाहिजे.

आपले प्रश्न आपणच विचारायचे

परमपूज्य बाबासाहेब आणि माता रमाई यांना पाच अपत्ये झाली. त्यांतील चार लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव राहिले. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ च्या जुलैमध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळंतिणीचा प्रश्न हा 'बायकांचा प्रश्न' म्हणून त्यांनी बाजूला ठेवला नाही.

आज परिस्थिती बदलली आहे, पण प्रश्न संपलेले नाहीत. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता, आसामात १९५. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातली ८८ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. ही आनंदाची गोष्ट. पण त्याच पाहणीत खासगी दवाखान्यांतील शंभरातली ४७ बाळंतपणे पोट कापून झाली होती, सरकारीत १४. हा फरक बाळंतिणीच्या गरजेमुळे पडला की दवाखान्याच्या बिलामुळे? ऊसतोड कामगार बायांची गर्भाशये काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. फडावर कोयता घेऊन राबणाऱ्या बाईला बाळंतपणानंतर किती दिवस विश्रांती मिळते? प्रसूतिगृहात कळा देणाऱ्या बाईवर ओरडले जाते का, कोणावर जास्त ओरडले जाते, आडनाव पाहून वागणूक बदलते का? केंद्र शासनाने २०१७ साली 'लक्ष्य' कार्यक्रम काढून प्रसूतिगृहात सन्मानाची वागणूक हवी असे म्हटले. ती मिळते का, हे कोण मोजणार?

संशोधन आपल्या मातीत होऊ शकते याचा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. ३९ गावांत ही सेवा दिली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि आज आशाताई बाळाला भेट द्यायला दारात येते त्यामागे हे काम आहे.

आपल्या लेकींकडे यात एक भांडवल आहे. बाई 'काही नाही, बरं आहे' म्हणते तेव्हा तिच्या मनात काय आहे हे त्यांना कळते. बोली कळते, लाज कळते, घरातली भीती कळते. आजवर आपल्यावर इतरांनी लिहिले, आपण नुसते नमुने झालो. आता आपल्या लेकींनी लिहावे. पण एक बजावून सांगतो. आपली माणसे म्हणून त्यांची गुपिते उघडी करायची नाहीत. बाईची समजून दिलेली संमती, तिचे नाव गुप्त ठेवणे, नैतिकता समितीची परवानगी, यांशिवाय एकही प्रश्न विचारायचा नाही. आणि जे दिसेल ते लपवायचे नाही. आपल्याच वस्तीत मुलींची लग्ने लवकर होतात, गरोदर सून शेवटी जेवते, नवरा दारूत पैसे घालवतो, असे निघाले तर तेही लिहायचे. समाजाची लाज राखण्यासाठी आकडे बदलले तर ते संशोधन नव्हे, आणि धम्मही नव्हे.

शिडी कशी आहे?

पुष्कळ घरांत माहितीअभावी पाऊल अडते, म्हणून पायऱ्या सांगतो.

ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची. बारावी झालेल्या मुलीला यांतून सुरुवात करता येते. बी.एस्सी.साठी विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागते. ए.एन.एम. झालेली ताई पुढे जी.एन.एम. करू शकते. जी.एन.एम. मधील 'एम' हे अक्षर मिडवायफरीचे आहे. आपल्या नोंदणीतच 'मिडवाइफ' लिहिलेले असते, हे अनेक जणी विसरतात.

जी.एन.एम. झालेल्यांना दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. त्यानंतर एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांची. तिथे विषय निवडावा लागतो. बाळंतपणाच्या कामाची आवड असेल त्यांनी प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा विषय घ्यावा. याच अभ्यासक्रमात पहिला लहान प्रबंध लिहावा लागतो. संशोधनाची खरी गोडी किंवा खरी धास्ती तिथेच लागते.

त्यापुढे पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तिला कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींच्या उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. स्त्रियांना मुदतीत दोन वर्षांची वाढ मिळू शकते आणि संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद आहे. एम.फिल. आता बंद झाले आहे, त्याच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. महाराष्ट्रात आरोग्य शिक्षणाचे विद्यापीठ नाशिकला १९९८ साली स्थापन झाले. परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षणाची आणि पीएच.डी.ची चौकशी तिथून सुरू करावी.

आणखी एक वाट आहे. केंद्र शासनाने २०१८ साली मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नर्स झालेल्यांना अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन, साधी बाळंतपणे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर करावीत, डॉक्टरला अडचणीच्या वेळी बोलवावे, अशी ही कल्पना आहे. तेलंगणाने त्याआधीच, २०१७ पासून, असे शिक्षण सुरू केले होते. २०२३ च्या नव्या कायद्याच्या नावातच परिचर्येबरोबर प्रसूतिविद्येचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे सुईणीचे शास्त्र हे वेगळे शास्त्र आहे, हे आता कायदाही मानतो. ते शिकवायला प्राध्यापक लागतील, अभ्यासक्रम लिहायला माणसे लागतील. त्या खुर्च्यांवर आपल्या लेकी नसतील तर पुन्हा दुसरेच आपल्याला शिकवतील.

पैसा आणि कागद

प्रवेशाआधी ते महाविद्यालय परिचर्या परिषदेने मान्य केले आहे का, हे स्वतः तपासावे. एजंटाच्या तोंडावर विश्वास ठेवू नये. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावायलाही उपयोगी नाही.

जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र मुलगी अकरावीत असतानाच हाती घ्यावे. बौद्ध म्हणून नोंद असलेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीने मिळाल्या. तोवर धर्मांतर केले म्हणून आपल्याला त्या नाकारल्या जात होत्या. केंद्राचा आणि राज्याचा नमुना वेगळा असतो, दोन्ही काढून ठेवावेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी पुण्याच्या 'बार्टी'ची अधिछात्रवृत्ती, परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, अशा योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहेत. उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षाची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. यातले काही आयते पदरात पडत नाही हेही लक्षात असू द्या. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ साली संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले.

सरकारी नोकरीत असलेल्या भगिनींनी राजीनाम्याची घाई करू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, बंधपत्रावर सही करण्याआधी ते वाचावे. तोंडी 'बघू' हे उत्तर नव्हे.

इंग्रजीची धास्ती आम्हाला ठाऊक आहे. त्यावर उपाय रोज एक पान. विषयाचे एक पान वाचायचे, अडलेले शब्द वहीत, अर्थ मराठीत. वर्षात तीनशे पाने होतात. ड्युटीवर दुसरी एक वही ठेवावी. आज कोणता प्रश्न पडला, एवढेच तिच्यात लिहावे. नावे लिहू नयेत. सहा महिन्यांनी वही उघडली तर प्रबंधाचा विषय तीत सापडेल. आणि एक विनंती, प्रबंध पैसे देऊन लिहून घेऊ नका. तो बाजार आहे, पण तो आपला मार्ग नव्हे.

घराने काय करावे?

आता घरच्यांशी बोलतो. १९१८ साली बाबासाहेबांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची चांगल्या पगाराची नोकरी लागली होती. नोकरी लागली, आता पुरे, असे ते म्हणाले नाहीत. पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले आणि १९२० साली अपुरा अभ्यास पुरा करायला लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. मागे घर कोणी चालवले? रमाईने. काटकसरीने, उपासाने, लेकरांची आजारपणे काढीत.

आपण दरवर्षी रमाईची जयंती करतो, त्यागाची गाणी गातो. पण घरात सून शिकू म्हणाली की रमाईची भूमिका करायला कोणी पुढे येत नाही. तीच शिकणार, तीच नाईट करणार, तीच भाकऱ्या थापणार, आणि परीक्षेत कमी पडली तर 'आम्ही म्हणत होतोच' असे ऐकणार! नवऱ्याने दोन वर्षे सकाळचा स्वयंपाक आणि मुलांची शाळा सांभाळली तर त्याची पुरुषार्थाची प्रतिष्ठा कमी होत नाही. तो रमाईच्या जागी उभा राहतो, आणि त्याहून मोठा मान आपल्या समाजात कोणता? सासूबाईंनी नातवंडे सांभाळली तर त्या प्रबंधात त्यांच्या आजीचाही वाटा राहील. सुनेने पहिली मुलाखत सासूबाईंचीच घ्यावी. आजी नाळ कशाने बांधायची, कळा थांबल्या तर काय करायची, बाईला कसे बसवायची, हे सारे लिहून घ्यावे. ते सांगणारी पिढी झपाट्याने संपत आहे.

विहारांच्या समित्यांनाही आमचे सांगणे आहे. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डी.जे.ला जो खर्च होतो, त्यात एखाद्या मुलीचा संगणक येतो. विहाराची एक खोली संध्याकाळी अभ्यासाला उघडी ठेवा, रविवारी दोन तास शिकणाऱ्या आयांची मुले सांभाळा. आणि ज्या भगिनीचा प्रबंध पुरा होईल तिला नुसती शाल-श्रीफळ देऊ नका. तिला अर्धा तास द्या, तिने काय शोधले ते मराठीत सांगू द्या. वस्तीतल्या गरोदर बाया पुढे बसवा. ज्या बायांनी माहिती दिली त्यांच्यापर्यंत तिचे फळ पोहोचले नाही तर ते ज्ञान कपाटातच राहील.

पत्र लिहिणाऱ्या ताईला एवढेच सांगतो. दहा वर्षांचा विचार एकदम करू नका. या वर्षी पोस्ट बेसिकची माहिती काढा, वैधता प्रमाणपत्र पाहा, रजेचा अर्ज लिहा. पुढची पायरी तिथे गेल्यावर दिसेल.

ज्या ज्या भगिनी नर्सिंगमध्ये एम.एस्सी. वा पीएच.डी. करीत आहेत किंवा करू इच्छितात, त्यांनी आपले अनुभव आणि अडचणी आमच्याकडे लिहून पाठवाव्यात. दाखला कुठे अडला, रजा कोणत्या टेबलावर थांबली, फी कशी भरली, हे एकीने लिहिले तर दहा जणींची पायपीट वाचेल. पत्रांतील उपयोगी मजकूर नावे न देता पुढील अंकांतून छापू.

जय भीम! नमो बुद्धाय!